फार्महाऊसचा हौद आणि गावाचे पाणी



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. तालुक्याच्या बैठकीला जमलो होतो. विषय होता कापसाच्या थकलेल्या पैशाचा, पण बोलणे वळले पाण्याकडे. कारण येताना रस्त्यावर सगळ्यांनीच एकामागे एक चाललेले टँकर पाहिले होते. हे टँकर कुठल्या तहानलेल्या गावाला निघालेले नव्हते. शिवाराच्या कडेला एक फार्महाऊस झाले आहे, तिथे चालले होते. मालक शहरातला. त्याने घरामागे पोहण्याचा हौद बांधला आहे. तो त्याला स्विमिंग पूल म्हणतो, गावात सगळे हौदच म्हणतात. त्या हौदाचे जुने पाणी त्याने उपसून टाकले होते आणि नवे भरायला काढले होते.

बैठकीतली तरुण पोरे तापली. एकजण उठून म्हणाला, "भाऊ, तुम्ही फक्त हो म्हणा. भरला की त्याच रात्री जाऊन बूच उपटून येतो."

मी हो म्हटले नाही. मी कागद-पेन्सिल मागितली. आपली चळवळ हिशेबावर उभी आहे. कापसाचा उत्पादन खर्च आपण पैशा-पैशाने मांडला तेव्हा लोकांनी आपले ऐकले. मग पाण्याचा हिशेब न मांडता दगड उचलायचा, हे कसे चालेल?

हौद साधारण ३३ फूट लांब, १६ फूट रुंद, सरासरी ५ फूट खोल. म्हणजे सुमारे ७५ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे आठ टँकर.

आता हे पाणी शेतात घातले असते तर? एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटरच्या वर. त्या हिशेबाने सगळा हौद एका एकरावर ओतला तर थर होतो साडेअठरा मिलिमीटरचा. दांडाने पाणी द्यायचे तर एका पाळीला एकरी दोन लाख लिटर तरी लागते. बोंडे भरायच्या वेळी कापूस दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी पितो. म्हणजे तो हौद एका एकराला तीन-चार दिवस पुरेल. "त्या हौदाने आपले पीक गेले" हे म्हणणे हिशेबात बसत नाही. खोटे कशाला बोलायचे?

पण तेच पाणी माणसांना लावून पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. ७५ हजार लिटर म्हणजे एका घराचे नऊ महिन्यांचे पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्यातल्या दीड वाघिणीएवढा हा एक हौद. म्हणजे पिकाच्या तराजूत हौद हलका आहे आणि घागरीच्या तराजूत फार जड आहे. भांडायचेच तर घागरीसाठी भांडू. तिथे आपली बाजू खरी आहे.

आता विचारा, हौदाचे पाणी बदलावे का लागते? ते मुळात समजून घेऊ, म्हणजे मालकाशी बोलताना आपल्याला कुणी गप्प करणार नाही.

हौदाला गाळणी असते. पंपाने पाणी फिरवून ती पाला, धूळ, तेलकटपणा काढते. जंतू मारायला क्लोरिन असते. आपली ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, त्याच जातीची ही वस्तू. हे दोन्ही नीट चालले तर पाणी वर्षानुवर्षे टिकते. दर उन्हाळ्याला सगळा हौद उपसायची गरज नसते. पण गाळणीतून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे विरघळलेले क्षार. ऊन लागले की पाणी उडते आणि क्षार खाली राहतात. मालक पुन्हा बोअरचे पाणी भरतो, त्यातून नवे क्षार येतात. वर औषधांचे क्षार. खारे पाणी पाजलेल्या जमिनीवर पांढरी पापडी येते ना, तोच हा प्रकार. काही औषधांत क्लोरिन उन्हात टिकावे म्हणून एक आम्ल असते. तेही साठत जाते आणि मग क्लोरिनचा जोर कमी पडतो. त्यावर साधा उपाय म्हणजे थोडे जुने पाणी काढून थोडे नवे घालणे. अर्धे पाणी बदलले की क्षारही जवळपास निम्मे होतात. सगळे उपसायचे कारण बहुधा आळस असते. गाळणी महिनोन्‌महिने बंद ठेवली, पाणी हिरवे झाले, की मालक टँकर बोलावतो. टँकर स्वस्त पडतो म्हणून बोलावतो. स्वस्त का पडतो, ते पुढे येईलच.

याच हौदापायी माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती इथे कबूल केली पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी त्या मालकाने मला विचारले होते, "साहेब, तुम्ही शेतकी पदवीधर, हे जुने पाणी शेजारच्याच्या कापसाच्या रानात सोडले तर चालेल ना? पाणी वाया जायला नको." पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत होते. मी म्हणालो, "द्या सोडून." शेजारचा शेतकरी आपलाच माणूस. फुकट पाणी मिळाले म्हणून तोही खूश झाला. पाच गुंठ्यांच्या पट्ट्यात सगळा हौद जिरला.

त्या पट्ट्यात पुढे सरकी उगवली नाही. पावसानंतर जमीन वर सिमेंटसारखी आणि खाली चिखल. मी धावत जाऊन चौकशी केली तेव्हा कळले की त्या हौदाला मिठाचे यंत्र बसवले आहे. पाण्यात मीठ घालायचे आणि यंत्राने त्यातून क्लोरिन काढायचे. अशा हौदात लिटरला साधारण साडेतीन ग्रॅम मीठ असते. ७५ हजार लिटरला किती झाले? दोनशे साठ किलोच्या वर. पन्नास किलोची पाच पोती मीठ आम्ही पाच गुंठे काळ्या रानात पेरले होते! मिठातले सोडियम काळ्या मातीतल्या चुन्याची जागा घेते, मातीचे कण सुटे होतात, भेगा बुजतात, पाणी मुरत नाही. जमीन चोपण होते, ती अशी. कापूस आणि ज्वारी क्षार सोसणारी पिके आहेत, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेला माणूस. पण पिकाने क्षार सोसले म्हणून जमीन सोडियम सोसते, असे होत नाही. आणि उगवणारे कोवळे रोप तर काहीच सोसत नाही. आता त्या पट्ट्यात चर काढला आहे, जिप्सम टाकले आहे, पावसाने धुपून निघायची वाट पाहतो आहे. त्या शेतकऱ्याने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्यामुळे ते जास्त लागले.

तेव्हा कुणीही असे पाणी देऊ केले तर आधी दोन गोष्टी विचारा. हौद मिठाचा आहे का? असेल तर काळ्या रानात एक थेंब घेऊ नका. मिठाचा नसेल तर बाटलीभर पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत नेऊन क्षारता तपासून घ्या आणि क्लोरिन टाकणे बंद करून आठ दिवस ते उन्हात राहू द्या. मग ते कडुनिंबाला, बांबूला, बांधावरच्या झाडांना द्यायला हरकत नाही.

आता मूळ भांडणाकडे येऊ. ते आठ टँकर भरले कुठे? आपल्याच एका शेतकऱ्याच्या विहिरीवर. हे नाव बैठकीत निघाले तेव्हा सगळे गप्प झाले. तो काही सावकार नाही. पीककर्जाचा हप्ता अंगावर आला होता, मुलीची फी भरायची होती. विहिरीत पाणी होते, कपाट रिकामे होते. टँकरवाल्याने त्याला जे दिले, त्याच्या कितीतरी पट फार्महाऊसवाल्याकडून घेतले. कापसाच्या बाजारात जे आपले होते, तेच इथेही झाले. माल आपला, भाव दुसऱ्याचा, नफा मधल्याचा. आणि चार दिवसांनी पलीकडच्या वस्तीवरच्या हातपंपाचे पाणी तुटले, त्याची भरपाई कुणी दिली? कुणीच नाही. टँकर स्वस्त पडतो तो असा. त्याच्या भावात हातपंपावर ताटकळणाऱ्या मायबहिणींचा वेळ धरलेलाच नसतो.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली समजूत अशी, की जमीन ज्याची त्याच्या खालचे पाणी त्याचे. पण पाण्याला सातबारा कळत नाही. एका विहिरीवर पंप चालला की शेजारची पातळी उतरते. १९९३ साली महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला आणि सार्वजनिक पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला बंधन घातले. पुढे २००९ चा भूजल कायदा आला, तो अमलात आला २०१४ साली. कायदे पुस्तकात आहेत. ते गावात आणायचे काम कुणी अधिकारी येऊन करणार नाही. मार्च २०२४ मध्ये टंचाई आली तेव्हा बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पोहण्याच्या तलावात पिण्याचे पाणी वापरायला बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. शहराला जे सुचते, ते ग्रामसभेला का सुचू नये?

पण हे मागताना आरशात पाहायची तयारी हवी. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी उडते. फार्महाऊसच्या हौदातून रोजचे ५०० लिटर, महिन्याला १५ हजार. वर नुसते झाकण घातले तरी यातले बरेचसे वाचते. आता आपल्यातल्या काहींची प्लास्टिक घातलेली शेततळी घ्या. बोअरचे पाणी उपसून भर उन्हात उघडी ठेवलेली. तीस मीटर लांब-रुंद शेततळ्यातून दिवसाला नऊ हजार लिटर उडतात. आठ दिवसांत फार्महाऊसचा एक हौद हवेत जातो! पावसाच्या ओहोळावर भरणारे शेततळे ही वेगळी गोष्ट, ते हवेच. पण जमिनीखालचे पाणी वर आणून उन्हात ठेवणारा शेतकरी कुठल्या तोंडाने हौदवाल्याला जाब विचारणार? आणि ज्या एकरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे आकाश २८ लाख लिटर पाणी टाकते. म्हणजे असे ३७ हौद. एका जोरदार पावसात वीस मिलिमीटर पाणी नाल्याला वाहून गेले, तर आपणही एकरामागे एक हौद सोडून दिलाच. उताराला आडवी पेरणी आणि ओळींमधल्या सऱ्या हे काही जुन्या लोकांचे खूळ नव्हते.

आम्ही सातजण फार्महाऊसवर गेलो. बूच उपटायला नव्हे, हा हिशेब घेऊन. मालकाने चहा दिला. टँकर कुठल्या विहिरीवरून येतो, हे त्याने कधी विचारलेच नव्हते. त्याच्याच फायद्याची एक गोष्ट मी त्याला सांगितली : काळ्या रानात पाऊस मुरल्यावर हौद पूर्ण रिकामा केला तर भोवतीच्या पाण्याच्या आणि फुगणाऱ्या मातीच्या दाबाने तो तडकतो, कधी उचललाही जातो. तेव्हा पाणी बदलायचे ते पावसाळ्यात, थोडे थोडे, आणि छपराचे पाणी साठवून. झाकण घालायला तो कबूल झाला. टँकरचे म्हणाल तर "बघू" म्हणाला. टँकरवाल्याने तर दारातूनच वाटेला लावले.

म्हणून हे काम जिल्ह्याच्या बैठकीपुढे ठेवतो आहे. माझे म्हणणे एवढेच : पोहायला कुणाची ना नाही, पण जमिनीखालचे पाणी शिवाराबाहेर किंवा हौदात जाणार असेल तर ते मोजून जावे आणि त्याचा भाव गावाला माहीत असावा. जानेवारी ते जून टँकरने हौद भरणे बंद, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा. विहीरवाल्याची अडचण असेल तर ती आधी आपल्यापुढे यावी, टँकरवाल्यापुढे नाही. हप्त्यासाठी पाणी विकायची पाळी आपल्या माणसावर येते, तेव्हा ती हार त्या एकट्याची नसते.

मेळाव्याला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. आजपासून दर अमावास्येला आपल्या विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजा, तारखेसह वहीत लिहा. ती वही घेऊन या. बाकीचे तिथे बोलू.