नीरा ‘जरा जास्तच’ करते का?

भातलावणी उरकल्यावर घोटीत आम्ही गटातल्या बायकांना ‘कुंकू’ दाखवला. ‘प्रभात’चा, व्ही. शांताराम यांचा, १९३७ सालचा. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. नीराला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते.

दिवे लागले तेव्हा निम्म्याजणी डोळे पुसत होत्या. कुणासाठी? तर काकासाहेबांसाठी! ‘बिचारा म्हातारा, शेवटी जीव दिला.’ आणि नीरा? ‘ती जरा जास्तच करते.’ मैत्रिणींनो, मला ते लागलं. जाणकारांच्या तोंडूनही मी हेच ऐकत आले आहे: केशवराव दाते संयत, शांता आपटे भडक.

दाते मोठे नट होते यात वाद नाही. तरुणपणी रंगभूमीवर स्त्री-भूमिका केलेला हा माणूस. पुढे १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त त्यांनी साध्या, घरगुती बोलण्यासारख्या अभिनयाची वाट धरली. काकासाहेब ते खांदे पाडून, नजर चुकवून उभे करतात. सिनेमात पार्श्वसंगीत नाही, घरातलेच आवाज आहेत, त्यामुळे त्यांचं गप्प राहणंसुद्धा ऐकू येतं. शांतारामांनी त्यांना घड्याळ दिलं, आरसा दिला. म्हातारपणाची लाज माणसाने एकांतात कशी सोसावी, ते आपण अगदी जवळून बघतो.

नीराला असा एकांत कुठे मिळतो? ती सतत कुणाच्या तरी समोर उभी आहे: नवरा, आत्या, वाईट नजरेचा सावत्र मुलगा. म्हणून शांता आपटे मान ताठ ठेवून, डोळ्याला डोळा भिडवून, आवाज चढवून बोलतात. भरल्या घरात नकार ऐकू जायचा तर दुसरं काय करणार? दात्यांचं काम पश्चात्ताप दाखवायचं, आपट्यांचं विरोध दाखवायचं. दोघांना एकाच मापाने मोजायचं आणि ते माप पश्चात्तापाचं ठेवायचं, हे मला पटत नाही. शांताबाईंचा ताठा पडद्यापुरता नव्हता, हेही लक्षात ठेवू. १९३९ साली त्या ‘प्रभात’च्याच दारात उपोषणाला बसल्या आणि १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक त्यांनी लिहिलं.

तिसरी तऱ्हा शकुंतला परांजपे यांची. काकासाहेबांची समाजकार्य करणारी मुलगी त्यांनी केली. केंब्रिजला गणित शिकलेल्या, धंद्याने नटी नव्हेतच. पुढे संततिनियमनाच्या कामात आयुष्य घातलं, १९६४ ते १९७० राज्यसभेत होत्या. पडद्यावर त्या सरळ बोलतात, सभेत बोलावं तशा. याला कुणी अवघडलेपण म्हणेल. मला मात्र बापाची चूक बापाला सांगणाऱ्या मुलीचं ते कोरडेपण खरं वाटतं.

घोटीपासून फार लांब नसलेल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली तारामतीसाठी बाई मिळेना. अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. त्यानंतर चोवीस वर्षांनी पडद्यावर एक बाई ‘नाही’ म्हणते, आणि आपण तिचा आवाज मोजत बसतो!

मध्यंतरी एका मुलीबरोबर तालुक्याबाहेरच्या एका चौकीत गेले होते. ती मोठ्याने बोलत होती, हात नाचवत होती. ‘नाटकं करू नको’ असं तिला ऐकवलं गेलं. नवरा कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याला पाणी विचारलं गेलं. ‘जरा जास्तच करते’ ऐकलं तेव्हा मला तीच आठवली.

दिवाळीनंतर ‘कुंकू’ पुन्हा लावणार आहोत. या खेपेला नीरा बोलत असताना सिनेमा मध्येच थांबवायचा आणि खोलीतल्या प्रत्येकीला विचारायचं: हेच तू असतीस, तर किती हळू बोलली असतीस?