मुक्या गाडीच्या गळ्यात घंटा



गुरे रानात सोडताना आपण त्यांच्या गळ्यात घंटा बांधतो. ऐन-सागाच्या झाडीत गाय दिसली नाही तरी आवाजावरून ती कुठल्या अंगाला चरते आहे हे गुराख्याला कळते. आता ज्या घरी विजेवर चालणारी दुचाकी आली आहे, त्या घराने या घंटेचा विचार करायला हवा. कारण ही गाडी मुकी आहे. पेट्रोलची गाडी रात्री कोणी सुरू केली तर कुत्री भुंकतात, पडवीत निजलेला म्हातारा "कोण रे?" म्हणून उठून बसतो. विजेची गाडी अंगणातून गेली तर कोंबडीसुद्धा जागी होत नाही.

जव्हारचा शिरपामाळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला, त्यावरून माळाला हे नाव पडले, असे सांगतात. या मुलखातून चारी दिशांना वाटा फुटतात. एक मोखाड्यावरून त्र्यंबक-नाशिककडे, एक विक्रमगडकडे, एक सिल्वासाकडे. चोराच्याही त्या सोयीच्या आहेत. सकाळी गाडी जागेवर नाही असे लक्षात येईपर्यंत ती दुसऱ्या जिल्ह्यात, नाहीतर राज्याच्या हद्दीबाहेर पोचलेली असू शकते. आणि गाडी गेली तरी कर्जाचा हप्ता काही चुकत नाही.

म्हणून गाडीत लपवून ठेवायचे छोटे यंत्र आता मिळते. त्याला ट्रॅकर म्हणतात. त्याचे काम दोन भागांत चालते आणि हे दोन भाग नीट समजून घेतले पाहिजेत, कारण डोंगरी भागातली सगळी गोम येथेच आहे. पहिले काम जागा ओळखण्याचे. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. त्यांतल्या निदान चारांचा संदेश पकडून यंत्र आपली जागा काढते. आपल्या इस्रोनेही 'नाविक' नावाची अशीच व्यवस्था उभी केली आहे, तिचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला. या कामाला मोबाइलचे टॉवर लागत नाही, मोकळे आभाळ लागते. दुसरे काम ती जागा आपल्याला कळवण्याचे. ते मात्र यंत्रातल्या सिमकार्डावरून, म्हणजे टॉवरवरूनच होते. यंत्राला स्वतःची जागा ठाऊक आहे, पण सांगायला वाट नाही, अशी गत मोखाड्याच्या दऱ्याखोऱ्यांत कितीतरी ठिकाणी होईल. चांगले यंत्र मधल्या जागा साठवून ठेवते आणि टॉवर मिळाला की एकदम कळवते. विकत घेताना हे विचारून घ्या.

सिम कोणत्या कंपनीचे घ्यावे हे दुकानदाराला विचारू नका, आपल्या गावाला विचारा. ज्या कंपनीचा फोन आपल्या पाड्यावर, बाजाराच्या वाटेवर आणि घाटात जास्तीत जास्त चालतो, तिचेच सिम घाला. स्वस्त यंत्रे बहुधा जुन्या टू-जीवर चालतात. जिओचे जाळे फोर-जीचे आहे, त्यात असे यंत्र मुकेच राहील. साधारण दोन-तीन हजारांचे यंत्र आणि वर सिमचा खर्च, एवढे पैसे घालून हे उमजण्यापेक्षा आधीच पाहिलेले बरे.

आता लपवायचे कुठे? धातूच्या नळीत किंवा पत्र्याच्या पेटीत नको, उपग्रहाचा संदेश धातूतून शिरत नाही. पुढच्या प्लॅस्टिकच्या आवरणाआड किंवा सीटखालच्या प्लॅस्टिकच्या कोपऱ्यात ते बसते. चोर प्रथम डिकी उघडून पाहतो, म्हणून तिथे ठेवण्यात अर्थ नाही. जव्हारचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा यंत्र पाण्याला दाद न देणारे हवे. वीज जोडताना गावातल्या वायरमनला हाताशी धरू नये, असे माझे मत आहे. गाडीची मुख्य बॅटरी बहुधा ४८ ते ७२ व्होल्टची असते, लहान यंत्र तिला थेट जोडले तर जळेल, आणि गाडीची वॉरंटीही अडचणीत येऊ शकते. ज्याने गाडी विकली त्याच्याकडूनच जोडून घ्या. शिवाय यंत्राला स्वतःची छोटी बॅटरी असलीच पाहिजे. चोर पुष्कळदा मुख्य बॅटरीच आधी काढतो, कारण गाडीच्या किमतीतला मोठा वाटा तिचाच असतो. पुष्कळ गाड्यांची बॅटरी काढता येते, तशी असेल तर रात्री ती घरात आणावी. घरात आणली तरी चुलीपासून आणि भाताच्या पेंढ्यापासून दूर ठेवावी.

बाजारात रुपयाएवढ्या चकत्याही मिळतात. त्यांना सिम नसते. जवळून जाणाऱ्या लोकांच्या फोनमार्फत त्या आपली जागा कळवतात. मुंबईच्या लोकलमध्ये त्या उत्तम चालतील. पण रात्री एकच्या सुमारास सूर्यमाळच्या रस्त्याला जवळून जाणार कोण? त्यातून काही फोन आपल्या सोबत अनोळखी चकती फिरते आहे असे मालकाला सूचित करतात, म्हणजे चोरालाही.

काही नव्या गाड्यांत असे यंत्र कारखान्यातूनच बसवून येते. सोय आहे, पण हॉलंडची एक हकीकत ध्यानात ठेवावी. तिथे चोरीला गेलेल्या सायकली इतक्या, की पोलिसच आत ट्रॅकर दडवलेली सायकल आमिष म्हणून रस्त्यात ठेवतात. त्याच देशातली व्हॅनमूफ ही कंपनी ट्रॅकर बसवलेल्या विजेच्या सायकली विकत असे आणि हरवलेली सायकल शोधायला स्वतःची माणसे पाठवीत असे. जुलै २०२३ मध्ये तिचे दिवाळे निघाले. फोनवरून चालणारी आपली सायकल उद्या चालेल का, या धास्तीत गिऱ्हाइके पडली. पुढे दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, म्हणून निभावले. गाडीचा पत्ता कंपनीच्या मार्फत मिळत असेल, तर ती सेवा किती वर्षे फुकट आणि पुढे किती पैसे, हे पावतीवर लिहून घ्या.

कागदपत्रांकडे वळू. ज्या गाडीची मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा, तिला नोंदणी लागत नाही. नंबरप्लेट नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. घेताना हे सुखाचे वाटते. चोरीला गेल्यावर मात्र गाडी आपली हे सांगायला पावतीखेरीज हातात काही उरत नाही. पावती, चासीचा क्रमांक, मोटरचा आणि बॅटरीचा क्रमांक एका वहीत लिहून पेटीत ठेवा. बैलाला डाग देतात तशी सांगाड्यावर आपली एखादी खूण कोरून ठेवा. नोंदणीच्या गाडीचा नुसता तृतीय पक्षाचा विमा असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत, त्याला पूर्ण विमाच लागतो. आणि दोन्ही किल्ल्या जपाव्यात, विमावाले त्या मागतात.

आता खरी जोखमीची गोष्ट. समजा, पहाटे फोनवर गाडीचा ठिपका दुसऱ्या गावातल्या एका घरावर दिसला. चार माणसे, दोन काठ्या आणि निघाले, असे कदापि करू नये. ठिपका उघड्यावर काही मीटरच चुकतो, पण दाट झाडीत, दरीत किंवा स्लॅबच्या घरांत तो याहून जास्त सरकतो. या घराचा म्हणून दिसलेला ठिपका शेजारच्या गोठ्याचाही असेल. शिवाय तो किती वाजताचा आहे ते पाहावे, तासाभरापूर्वीचा असेल तर गाडी केव्हाच पुढे गेली. आपल्याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे चोर फिरत असल्याच्या अफवेवरून जमावाने तिघांचा जीव घेतला. त्यांत एकही चोर नव्हता. गाडी परत घेता येते.

तेव्हा ११२ ला फोन करा आणि पोलिसांना तो ठिपका दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यान्वये गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची असते. गाडी सिल्वासाच्या वाटेला लागली म्हणून हद्दीचे कारण ऐकून घेऊ नका. तक्रार फोनवरून किंवा ऑनलाइन पाठवली, तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते.

घरातल्या कर्त्या माणसांसाठी एक शब्द. गाडीवर बहुधा सून दवाखान्यात जाते, मुलगी कॉलेजात जाते, मुलगा बाजारात जातो. गाडी कुठे आहे हे दाखवणारा फोन गाडीवरचे माणूस कुठे आहे हेही दाखवतो. यंत्र बसवले आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, गावाला सांगू नका. "तू अर्धा तास कुठे थांबली होतीस?" असे विचारायला ते बसवायचे असेल, तर ते पैसे शेतात घाला.

यंत्र बसवल्यावर एकदा परीक्षा घ्या. घरच्याच कोणाला गाडी घेऊन घाटातून पाठवा आणि फोनवर ठिपका कुठे नाहीसा होतो, किती वेळाने परत दिसतो ते पाहून ठेवा. गाडी हलताच फोन वाजेल असे करून घ्या आणि निजताना फोनचा आवाज बंद ठेवू नका. यंत्रातल्या सिमची मुदत संपायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ते सिम आपल्या डोळ्यांसमोर नसते, त्यामुळे त्याचे रिचार्ज हमखास विसरते.