मुलांचे भास आणि मोठ्यांचे भय

खोलीत कोणी नसताना आपल्याला कोणीतरी हाक मारते, असे शाळकरी मुलगा सांगू लागला, की सुशिक्षित घरातही प्रथम विचार होतो तो मुलाचा नव्हे, लोकांचा. काही घरांत अंगारा लागतो व एखाद्या देवऋषाकडे गुपचूप फेरी होते. काही घरांत 'अभ्यास टाळण्याची सोंगे नकोत' म्हणून त्याला दटावले जाते. यांतील पहिला मार्ग अडाण्यांचा व दुसरा शहाण्यांचा, असे समजण्याचे कारण नाही. दोहोंनंतर मूल त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करीत नाही.

वस्तुतः भास म्हणजे वेड, हे समीकरणच चुकीचे आहे. अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ ते १२ वर्षांच्या सुमारे १७ टक्के, तर १३ ते १८ वर्षांच्या सुमारे साडेसात टक्के मुलांनी भास किंवा तत्सम अनुभव सांगितल्याचे आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या प्राथमिक वर्गात अशी सहा-सात मुले निघावीत! बहुतेकांचे हे अनुभव कालांतराने मावळतात. झोप लागता लागता होणारे भास तर धडधाकट माणसांनाही होतात.

परंतु या 'बहुतेक' शब्दाच्या आड स्वस्थ बसता येणार नाही. भासांमागे तीव्र ताप, अपस्मार, गांजा किंवा धोतऱ्याचे बी असू शकते. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते, असा मेंदूदाहाचा एक प्रकार २००७ साली ओळखला गेला. तो तरुण मुलींत विशेष आढळतो व आरंभी हुबेहूब वेडासारखा दिसतो. वेळीच उपचार मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण सुधारतात. अशा मुलीला 'बाधा' झाली म्हणून घरात कोंडणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे होय. कित्येकदा त्या अदृश्य आवाजामागे छळणारा वर्गबंधू किंवा मारणारा नातलग, असा दृश्य माणूसही असतो. तेथे गोळीपूर्वी तो छळ थांबविला पाहिजे. स्किझोफ्रेनिया तेराव्या वर्षापूर्वी विरळाच. पण आवाज आज्ञा देऊ लागला, झोप उडाली, मित्र तुटले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास एक आठवडाही दवडू नये. तेथे औषधे लागतात व उपचार जितका लवकर, तितका गुण अधिक.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवणे व त्याच्यासोबत जबाबदार माणूस असणे बंधनकारक आहे. तेव्हा रुग्णालयाच्या नुसत्या नावाने दचकणाऱ्या पालकांनी हे कलम अवश्य वाचावे.

शिक्षकी पेशात काही वर्षे काढल्यामुळे आम्हांस ठाऊक आहे, की एकाएकी गप्प झालेले मूल शिक्षकाला सोयीचे वाटते. 'काय ऐकू येते? केव्हापासून? भीती वाटते का?' एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारण्यास पदवी लागत नाही. शाळाचालकांनी या जूनपासून शिक्षकांना त्याचे शिक्षण द्यावे आणि २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मुलांच्या दैनंदिनीत छापावा.