मरणाऱ्याचा जीव अर्धा?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात, फुप्फुसात पसरला की सहसा एका औषधावर भागत नाही. दोन-तीन औषधे एकत्र द्यावी लागतात, आणि कोणता मेळ चालतो ते माणसांवर चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही. २००४ साली केमोथेरपीला बेव्हासिझुमॅबची जोड दिलेल्या चाचणीचा निकाल आला. निम्मे रुग्ण जगण्याचा काळ १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेला. मग नेदरलँड्समध्ये केमो व बेव्हासिझुमॅबच्या जोडीला सेटुक्सिमॅबही दिले. २००९ चा निकाल असा की, आजार आटोक्यात राहण्याचा काळ १०.७ वरून ९.४ महिन्यांवर घसरला.

म्हणजे चाचणी हवीच, पण धोका पेशंटच्या अंगावर.

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर कुठे भरपाईचे नियम झाले. आज २०१९ चे नियम लागू आहेत. त्यांचे सातवे परिशिष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावे. चाचणीमुळे मृत्यू झाला तर मूळ रक्कम ८ लाख. तिला वयाचा आणि जोखमीचा गुणक लागतो. निरोगी माणसाचा गुणक ४. सहा महिन्यांहून जास्त जगण्याची आशा नसलेल्याचा ०.५! पासष्टीच्या निरोगी माणसाच्या वारसांना ३२ लाख, त्याच वयाच्या शेवटच्या टप्प्यातील कॅन्सरग्रस्ताच्या वारसांना ४ लाख.

‘तो तसाही मरणारच होता’, हा यामागचा हिशेब. माणसाची किंमत आधीच ठरवून टाकणारे गणित आपल्या समाजाला नवे नाही. कोर्टात वाजवी वर्गीकरणाचा बचाव येईल, हे वकील म्हणून मी जाणतो. पण ही भरपाई चाचणीने घेतलेल्या जिवाची आहे, आजाराने घेतलेल्या नव्हे. बाबासाहेबांच्या घटनेतील कलम १४ आणि २१ समोर हा अर्धा गुणक तपासला गेलाच पाहिजे. आपले आमदार-खासदार यावर कधी बोलणार?

तोपर्यंत नालासोपाऱ्यातील विहारांनी एक काम हाती घ्यावे. परळला उपचाराला जाणाऱ्या कुटुंबापुढे चाचणीचा संमती-अर्ज आला, तर अंगठा उठण्यापूर्वी शिकलेल्या पोराने तो मोठ्याने वाचून दाखवावा. अर्ज समजेल अशा भाषेत हवा, प्रत घरी मिळायला हवी, निरक्षरासाठी त्रयस्थ साक्षीदार हवा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. औषध लागू पडले व दुसरा इलाज नसेल, तर संशोधक डॉक्टरची शिफारस आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाल्यावर ते पुढेही मोफत मिळू शकते. हे आधीच विचारावे, आणि लेखी घ्यावे.