रेडिएटरमधला पाचोळा कोण काढणार?

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लिहिते म्हटल्यावर रूममेट्स हसल्या, "ऱ्हस्व-दीर्घ कोण तपासणार?" पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण 'पाचोळा' या शब्दाच्या तोडीचा शब्द मला इंग्रजीत सापडला नाही!

विषय आहे एका बुटक्या स्पोर्ट्स कारच्या रेडिएटरमध्ये अडकणारा पाचोळा, आणि तो घरच्या घरी काढणं. आता तुम्ही म्हणाल, इथे मेसचं बिल भरताना नाकी नऊ येतात आणि ही बाई पोर्शेवर लिहितेय! थोडा धीर धरा. माझं म्हणणं साधं आहे. ज्या इंजिनिअरला सफाई हे कमीपणाचं काम वाटतं, तो साफ न करता येणारी यंत्रं बनवतो. हे समजावून सांगायला या गाडीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालं नाही.

गाडी आहे पोर्शेची बॉक्स्टर, १९९६ साली बाजारात आलेली पहिली पिढी. पाठोपाठ १९९७ मध्ये आलेल्या नव्या ९११ चं नाकही जवळजवळ तेच. त्याआधीच्या ९११ गाड्यांचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. १९६३ पासून १९९८ पर्यंत ती परंपरा चालली. मग प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम कडक होत गेले, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह द्यायचे तर नुसत्या हवेने सिलिंडर हेड थंड ठेवणं अवघड, म्हणून कंपनी पाण्याकडे वळली. पाणी आलं म्हणजे रेडिएटर आला. बॉक्स्टरचं इंजिन असतं सीटच्या मागे, पण ताजी हवा मिळते पुढे. म्हणून रेडिएटर पुढच्या चाकांच्या पुढ्यात, बंपरच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत बसवले आणि गरम कूलंट गाडीच्या पोटाखालून लांब पाइपांनी पुढे नेलं. प्रत्येक रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर. हवा बंपरच्या तोंडातून शिरते, आधी कंडेन्सर, मग रेडिएटर ओलांडते आणि चाकाच्या पुढून बाहेर पडते.

कागदावर एकदम झकास. पण गाडी बुटकी! बंपरची ही तोंडं रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर, आणि कारखान्यातून येताना त्यांना जाळी नसते. गाडी रस्त्यावरचा पाचोळा झाडूसारखी गोळा करत जाते. पानं कंडेन्सरवर चिकटतात, बारीक तुकडे कडेने आत सरकून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बसतात. बाहेरून यातलं काहीसुद्धा दिसत नाही.

त्याने काय बिघडतं? सेकंड इयरचं थर्मल आठवा. घाबरू नका, एकच गणित! समजा रेडिएटरला ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची आहे आणि त्यातून सेकंदाला १ किलो हवा जाते. हवेची विशिष्ट उष्णता साधारण १ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. म्हणजे हवा ३० अंशांनी तापेल. ३५ अंशांना आत शिरलेली ६५ ला बाहेर पडेल. आता पाचोळ्याने निम्मी हवा अडवली. तीच उष्णता न्यायची तर अर्ध्या हवेला ६० अंशांनी तापावं लागेल, म्हणजे ९५! पण आतलं कूलंट त्याहून गरम असल्याशिवाय हवा इतकी तापणारच नाही. मग कूलंटचं तापमान चढत जातं. पंखा थोडी लाज राखतो, पण घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये राखता राखता त्याचीही दमछाक होते. आणि बऱ्याच आधुनिक गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दामच असा बनवलेला असतो, की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरून हलत नाही. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

दुसरं नुकसान अजून हळू होतं. पानं ओली राहतात, कुजतात, त्यांचं खत होतं. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारं पाणी त्या खतात मुरतं आणि ॲल्युमिनियमला खाऊ लागतं. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर त्याला एरवी सांभाळतो, पण क्लोराइडपुढे तो टिकत नाही. एक दिवस कंडेन्सरला सुईएवढं भोक पडतं आणि एसीचा गॅस निघून जातो.

माझा मामा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. त्याच्याकडे अशीच एक जुनी, सेकंडहँड बॉक्स्टर आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे होते. तिकडे तेव्हा पानगळ संपत आलेली असते, आणि मामाचा दरवर्षीचा सफाईचा शनिवार तेव्हाच असतो. मी म्हटलं, "गॅरेजला का नाही देत?" तर म्हणाला, "अगं, गॅरेजवाला साफ करून देईल. पण आत काय होतं ते मला कसं कळणार?" आणि माझ्या हातात ग्लोव्हज ठेवले.

पद्धत नीट सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी ती चुकीची केली जाते. इंजिन पूर्ण थंड झालेलं हवं. गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. बॅटरीची वायर काढायची, कारण विजेवरचा पंखा कधीकधी इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. गाडी इतकी बुटकी, की साधा जॅक खाली जातच नाही. म्हणून आधी पुढची चाकं दोन जाड लाकडी फळ्यांवर चढवायची, मागच्या चाकांना ओट लावायची, मग जॅक, आणि लगेच ठरलेल्या जागी भक्कम स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. हे दोनदा वाचा.

वरवरची पानं व्हॅक्युम क्लीनरला अरुंद नळी लावून बंपरच्या तोंडातूनच ओढता येतात. पण खरा माल मागे असतो. त्यासाठी बंपर उतरवावा लागतो. वरचे, खालचे आणि चाकांच्या कमानीतले स्क्रू काढले, दिव्यांच्या वायरी सोडवल्या की तो दोघांनी धरून अलगद पुढे ओढायचा. मग कंडेन्सरचे बोल्ट सोडून तो जरासा पुढे झुकवायचा. त्याचे गॅसचे पाइप मात्र अजिबात उघडायचे नाहीत. आता मधली फट दिसते. आम्हाला काय काय मिळालं म्हणाल, तर काळं पडलेलं पानांचं खत, चिप्सचं पाकीट, एक पीस, खडे आणि किड्यांची अख्खी स्मशानभूमी! दोन्ही बाजूंचं मिळून अर्धी बादली भरली.

शेवटी मऊ ब्रश, तोही फिन्सच्या दिशेनेच, आडवा नाही. मग बागेच्या पाइपचं हलकं पाणी, शक्यतो मागून पुढे, म्हणजे हवा जिकडून आली तिकडेच घाण परत जाते. प्रेशर गन वापरायची नाही. फिन्स कागदासारख्या पातळ असतात, जोराच्या धारेने आडव्या होतात आणि मग पाचोळा नसतानाही वाट बंद! सगळं मिळून अर्धा दिवस गेला.

आता माझा मुद्दा. घाण अडकते याबद्दल मी त्या डिझायनरला दोष देत नाही. हवा आत घ्यायची म्हणजे केर येणारच. माझा प्रश्न आहे की केर काढायला बंपर का उतरवावा लागावा? बरेच मालक नंतर बाजारातून जाळ्या आणून बसवतात. जाळीनेही थोडी हवा अडते आणि पानं तिच्यावरही चिकटतात. मग फायदा काय? फायदा हाच, की पानं बाहेर दिसतात आणि हाताने काढता येतात. अर्ध्या दिवसाचं काम अर्ध्या मिनिटावर येतं. कंपनीला जाळी माहीत नव्हती असं थोडंच आहे? हवेचा प्रवाह, वजन, दिसणं, किंमत या सगळ्यांची तिथे ओढाताण असते. पण त्या ओढाताणीत 'साफ कोण करणार आणि कसं?' हा प्रश्न मागे पडतो, कारण तो विचारणारा माणूस बहुतेक वेळा मीटिंगमध्ये नसतोच.

आणि आपल्याकडे तो कुठे असतो? हीट ट्रान्स्फरच्या पेपरात आपण 'फाउलिंग फॅक्टर' लिहितो. दशांशचिन्हापुढे तीन शून्यं आणि मग एखादा आकडा. गणितात दिलेलाच असतो, आपण मुकाट्याने सूत्रात टाकतो आणि पुढे जातो. तो आकडा म्हणजे प्रत्यक्षात शेवाळ, क्षार, तेलकट धूळ असते, आणि ती कुणीतरी हाताने खरवडून काढते, हे चार वर्षांत एकदाही कुणी दाखवत नाही. वर्कशॉपमध्ये जॉब झाला की आपण हात धुतो. मशिनवरचा कीस झाडायला अटेंडंट काका असतातच!

कोणी म्हणेल, पैसे असतील तर गॅरेजला द्यावं, त्याचं पोट त्यावर आहे. कबूल. प्रत्येकाने प्रत्येक वेळी स्वतःच बंपर उतरवावा असं मी म्हणत नाही. पण जो पुढे ड्रॉइंगवर सही करणार आहे, त्याने आयुष्यात एकदा तरी तो उतरवलेला असावा. स्वयंपाक न केलेल्या माणसाने ओटा बांधला की तो किती उंच होतो, हे आपल्या आयांना विचारा!

दुसरा आक्षेप, पोर्शे आहेच कुणाकडे? बरोबर, पण रेडिएटर आहे! २०१२ मध्ये आलेली, चाकणला बनणारी ड्यूक २०० बॉईज हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बघा. तिचा रेडिएटर पुढच्या चाकाच्या मागेच. पावसाळ्यात चिखल उडतो, वाळतो आणि विटेसारखा बसतो. मग मालक ऐटीत वॉशिंग सेंटरला नेतात आणि तिथला मुलगा नेमकी प्रेशर गन जवळून मारतो. आडव्या झालेल्या फिन्स टॉर्च मारून मोजा एकदा. ज्यांच्याकडे बाईक नाही त्यांनी लॅपटॉपच्या पंख्यात डोकावावं. तत्त्व तेच.

आणि गाडी-बाईक काहीच नसेल तर आपल्या मजल्यावरचा वॉटर कूलर आहे. मागच्या कंडेन्सरवर कापसासारखी धूळ बसते आणि पाणी कोमट यायला लागतं. आपण रजिस्टरमध्ये तक्रार लिहितो, 'कूलर खराब आहे'. मेंटेनन्सचे काका येतात, ब्रशने दहा मिनिटांत धूळ काढतात आणि कूलर 'दुरुस्त' होतो. आपण पोस्टर प्रेझेंटेशनमध्ये कंडेन्सर समजावतो. तो कूलर कुठल्या महिन्यात गुदमरतो हे काकांना ठाऊक असतं. त्यांना कधी कुणी विचारलंय का, की कूलर भिंतीला इतका चिकटवून का ठेवला, आणि ब्रश नीट जावा म्हणून काय बदलायला हवं?

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक, हीट ट्रान्स्फरच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल सफाईचं असावं. जुना, तुंबलेला रेडिएटर घ्या, त्यातून जाणारी हवा मोजा, साफ करा, परत मोजा. फाउलिंग म्हणजे काय ते जन्मात विसरणार नाही. दोन, आपली टीम सुप्रा किंवा फॉर्म्युला भारतसाठी गाडी बनवते, तिच्या डिझाइन रिव्ह्यूला वर्कशॉपच्या अटेंडंट काकांना बोलवा आणि त्यांना एकच प्रश्न विचारू द्या, "इथे हात जातो का?" नाही गेला, तर ड्रॉइंग परत.

यासाठी बजेट लागत नाही, वरून परवानगीही लागणार नाही असं मला वाटतं. लागतो एक ब्रश, एक बादली आणि हात काळे करायची तयारी. मुलींनो, तुम्हीसुद्धा बरं का, ग्रीस साबणाने निघतं! या सेमिस्टरला निदान आपापल्या मजल्याचा कूलर तरी काकांबरोबर उभं राहून साफ करूया. बघा पटतंय का.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल