जेद्दा साडेपाच तासांवर, मुंबई बारा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत उमराहला जाणाऱ्यांची गर्दी फार वाढते. मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. थेट विमान ते पाच-साडेपाच तासांत कापते. 1995 पर्यंत हजचे यात्रेकरू मुंबईहून जहाजानेही जात आणि कित्येक दिवस समुद्रावर असत. त्या मानाने मक्का खूपच जवळ आली. मात्र ताडकळसच्या प्रवाशाने वेळ मोजायची ती घराच्या उंबऱ्यापासून.

पूर्णा ते मुंबई रेल्वेमार्ग सुमारे पावणेसहाशे किलोमीटरचा आणि त्याला अकरा-बारा तास लागतात. म्हणजे हवाई अंतराच्या सहाव्या हिश्श्यासाठी दुप्पट वेळ! विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे असते. गाडीचा भरवसा नसल्याने अनेक जण एक दिवस आधीच निघतात. काही जण हैदराबाद गाठतात. तिथून जेद्दा चार हजार किलोमीटरवर, पण रेल्वेचा प्रवास बराच कमी. परभणी जिल्हा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे तिकडे सोयरेही निघतात.

रोजा ठेवून पश्चिमेला उडणाऱ्याचा दिवस लांबतो. ताडकळस 77 पूर्व रेखांशाजवळ, जेद्दा 39 जवळ. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात, म्हणजे 38 अंशांना सुमारे अडीच तास. इथे सहरी करून तिथे इफ्तार करायचा तर उपवास तेवढा वाढतो. अर्थात कुरआनने मुसाफिराला सवलत दिली आहे, सुटलेला रोजा नंतर ठेवता येतो.

जवळच्या विमानतळाची सोय स्वस्त असतेच असे नाही. 2023 च्या हजला छत्रपती संभाजीनगरहून जाणाऱ्यांना मुंबईपेक्षा सुमारे 88 हजार रुपये जास्त मोजावे लागले. नांदेडला विमानतळ आहे, 2017 मध्ये उडान योजनेची हैदराबाद सेवाही तिथून सुरू झाली. पण परदेशी उड्डाण नाही.

खरा अडसर जमिनीवरच आहे. एकेरी मार्गावर समोरून गाडी येते तेव्हा आपली गाडी स्थानकात थांबून राहते. यात हाल होतात ते केवळ उमराहला जाणाऱ्यांचे नव्हे. मुंबईला उपचारासाठी निघालेला रुग्ण, मुलाखतीला निघालेली मुलगी, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक, सगळे त्याच रुळांवर ताटकळतात. परभणी ते मुदखेड दुहेरीकरण झाले आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 31 जुलै 2025 रोजी मंजुरी दिली. खर्च 2,179 कोटी. मंजुरी मिळाली म्हणजे रूळ पडले असे मराठवाड्यात कुणी मानत नाही. भूसंपादन किती झाले आणि निविदा कधी निघाल्या, हे लोकप्रतिनिधींना आता दर अधिवेशनात विचारावे लागेल.