रिम बसवणाऱ्याची पावती कधी फाटणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात अठरा ते तीस वयाचं पोरगं आणि दारात गाडी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

नांदेड असो की लातूर, टायरच्या कोणत्याही मोठ्या दुकानात जा. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत अलॉय रिम टांगलेले दिसतील. काळे, सोनेरी, लाल कडीचे. दुकानाबाहेर एखादी पोलो जीटी उभी असते, नाहीतर आय-ट्वेंटी एन लाइन, कधी नशिबानं ऑक्टेव्हिया आरएस. आपल्याकडची स्पोर्ट्स कार म्हणजे हीच. फेरारी कुणी आणत नाही, पण एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगची जोरकस इंजिनाची जुनी गाडी पुण्याहून आणायची आणि महिन्याच्या आत तिचे रिम बदलायचे, हा आता रिवाजच झालाय. शौकाला माझा विरोध नाही. मलाही गाड्यांचं वेड आहे आणि चांगल्या रिमवर उभी असलेली गाडी मी आजही थांबून बघतो.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. दुकानातलं बोलणं साधारण असं चालतं.

"भैया, सतरा इंची टाका. गाडी एक नंबर दिसती."
"बसती का पण?"
"बसती का म्हणजे? बसवून देतो की!"

सगळी गोम इथंच आहे. रिम बसणं वेगळं आणि रिम बसवणं वेगळं. ठोकून, घासून, रिंगा आणि स्पेसर घालून काहीही बसवता येतं. पण ते चाक ताशी १२० च्या वेगात, चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन, चाकूर ते अहमदपूरच्या पट्ट्यात जागेवर राहील का, हा प्रश्न दुकानदार विचारत नाही आणि पोराला तो माहीतच नसतो. पोरगं फक्त इंच विचारतं, कारण भिंतीवर फक्त इंचच लिहिलेला असतो.

इंच हा तर सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा. रिमला निदान चार गोष्टी आणखी असतात. बोल्टची भोकं किती आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास किती, म्हणजे पीसीडी. मधलं मोठं भोक किती मिलिमीटरचं. रिमची रुंदी. आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती आत-बाहेर आहे ते माप.

पोलोचंच घ्या. तिची पीसीडी ५ बाय १०० आहे. आपल्याकडं सगळ्यात जास्त खपतात ते ४ बाय १०० चे रिम, कारण स्विफ्ट आणि तिच्यासारख्या छोट्या गाड्यांना तेच लागतात. ऑक्टेव्हियाची ५ बाय ११२. पाच भोकांचे म्हणून दुकानात हाताशी येतात ते बहुतेक ५ बाय ११४.३ चे. फरक किती? २.३ मिलिमीटर. "एवढ्यानं काय होतं, बोल्ट ओढून घेतो" असं म्हणणारा कारागीर मी या कानांनी ऐकलाय. ओढून घेतलेला बोल्ट सरळ बसत नाही, तिरका ताण घेतो. तो आज तुटणार नाही, उद्याही नाही. तुटेल तेव्हा तो कारागीर तिथं नसेल.

मधल्या भोकाचं आणखी मजेशीर. पोलो आणि ऑक्टेव्हिया दोन्हींच्या हबचा व्यास ५७.१ मिलिमीटर. बाजारातले बरेच रिम ७३.१ च्या भोकाचे येतात, म्हणजे कुठल्याही गाडीला चालावेत. मधे १६ मिलिमीटरची पोकळी, चारी बाजूंनी आठ-आठ. ती भरायला योग्य मापाची रिंग लागते, जी रिमला हबच्या बरोबर मध्यावर धरते. रिंग नसेल तर ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग पोरगं परत येतं, दुकानदार बॅलन्सिंगचे पैसे घेतो. थरथर जात नाही. मग अलाइनमेंटचे पैसे. तरी जात नाही. एका रिंगेच्या जागी तीन बिलं.

आता खरी भीती वाटते ती गोष्ट, आणि ही आपल्या गावात फार थोड्यांना माहीत आहे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या चाकांना नट नसतात, बोल्ट असतात, आणि त्या बोल्टचं बूड गोल असतं, अर्ध्या गोटीसारखं. बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉयमध्ये बोल्टची बैठक शंकूसारखी, निमुळती असते. गोल बूड निमुळत्या खाचेत घातलं तर ते पूर्ण टेकत नाही, एका बारीक कडीवर टेकतं. गननं ठाप-ठाप आवळल्यावर घट्ट वाटतं खरं. पण ती कडी हळूहळू दबते आणि बोल्ट सैल होतो. म्हणजे रिम बदलताना बोल्टही बदलावे लागतात. जुने पाच बोल्ट मात्र फेकायचे नाहीत, डिकीत ठेवायचे, कारण स्टेपनी जुन्याच मापाची असते आणि तिला नवे निमुळते बोल्ट चालत नाहीत. रात्री लोहा ओलांडल्यावर पंक्चर झालं आणि हे कळलं, तर हातात स्टेपनी असून रस्त्यावर बसायची वेळ.

किती दुकानदारांनी तुम्हाला हे सांगितलं?

चाक आवळायचा जोर मोजायला टॉर्क रेंच नावाचा पान्हा असतो. पोलोला १२० न्यूटन-मीटर लागतो. गननं आवळलं तर तो जोर दीडपटही होतो, आटे ताणले जातात. नवीन रिम बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. लाख-सव्वा लाखाचे रिम विकणाऱ्या दुकानात हा एक पान्हा नसावा? दोष कुणाला द्यायचा मग?

ऑफसेटचं गणित साधं आहे, वहीच्या मागच्या पानावर होतं. समजा मूळ रिम ६ इंच रुंद आणि ऑफसेट ४५. नवा घेतला साडेसात इंची, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंचानं म्हणजे ३८ मिलिमीटरनं वाढली, तिच्यातली अर्धी १९ प्रत्येक बाजूला. ऑफसेट १० नं कमी, म्हणजे चाक आणखी १० बाहेर. बेरीज, चाक २९ मिलिमीटर बाहेर आलं आणि आतही ९ नं सरकलं. एकटा माणूस गाडी चालवतो तेव्हा काही घासत नाही. मागं तिघं बसले, खड्ड्यात गाडी दबली की टायर मडगार्डच्या कडीला लागतो. मग कडी आतून ठोकतात. रंग उडतो, पत्र्याला गंज धरतो, टायरची बाजू रोज थोडी-थोडी कातरली जाते. ती फुटते कधी? उन्हाळ्यात, वेगात. म्हणून गाडी दुकानातून काढायच्या आधी चार माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवा, ब्रेकरवरून नेऊन बघा. तेवढं दुकानदाराकडून करूनच घ्या.

लातूरच्या जुन्या लोकांना चाकाच्या मापाचं महत्त्व सांगायची गरज पडू नये. बार्शी लाईटचा रूळ ७६२ मिलिमीटरचा होता, कुर्डुवाडीला उतरून मोठ्या गाडीत बसावं लागे. माप जुळत नाही तर गाडीच बदला, एवढा तो सरळ व्यवहार. पुढं रूळ रुंद झाला म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे थेट लातुरात आली. रेल्वेत कुणी "बसवून देतो" म्हणत नाही.

आता कायद्याकडं येऊ. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तेच सांगतं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण पावती फाटते ती पोराचीच. पण त्याच कलमात गाडीत नियमबाह्य बदल करणाऱ्या विक्रेत्यालाही धरलंय. केंद्रानं अधिसूचित केलेला सुरक्षेचा महत्त्वाचा भाग नियमात न बसणारा विकला, तर विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखाचा दंड. नांदेडात किंवा लातुरात रिमसाठी एखाद्या दुकानावर असा गुन्हा दाखल झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी नाही ऐकलं.

राज्यभर बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो छापून येतात. चांगलं आहे. पण सायलेन्सर ओरडतो म्हणून सापडतो. चुकीचा रिम गप्प असतो. तो ओळखायला खाली वाकून बघावं लागतं, आणि वाकायची सवय ना आरटीओला आहे ना आपल्याला.

रिमसाठी मानक नाही असंही नाही. हलक्या धातूच्या चाकांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १६१९२. रिमच्या गुणवत्तेसाठी केंद्राचा २०२० चा आदेशही आहे. रिमच्या आतल्या बाजूला आयएसआयचा शिक्का, उत्पादकाचं नाव, माप आणि किती किलो भार पेलतो तो आकडा ओतलेला असतो. जपानी मानकाची जेडब्ल्यूएल ही अक्षरं नकली रिमवरही सहज ओतता येतात, त्यामुळं नुसती ती बघून भुलू नका. आणि वाकलेला रिम तापवून, ठोकून, वर रंग मारून "नवा" म्हणून देणारे असतात. अलॉयला ताकद येते ती कारखान्यातल्या ठरावीक उष्णतेच्या प्रक्रियेनं. गॅसच्या ज्योतीवर तापवला की ती गेली. स्वस्तात मिळालेला चारांचा सेट त्यामुळं उलटा करून, उन्हात धरून बघावा.

आता कुणीतरी म्हणणारच, "सर, रस्ते बघा आधी, मग आम्हाला शिकवा." बरोबर आहे, ते मी सोडणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार साधा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्या गावागावांच्या वेशीवर असतो तो दीड हात रुंदीचा डांबराचा बांध, ना पांढरे पट्टे, ना पाटी. त्याला परवानगी कुणी दिली? त्याची पावती कुणाच्या नावानं फाडायची? काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यानंतर लाटांसारखा उठतो हे इथल्या प्रत्येक ठेकेदाराला ठाऊक आहे, तरी दरवर्षी नवल केल्यासारखं डांबर ओततात.

पण रस्ता असा आहे म्हणूनच तर रिम जपून निवडायचा! पोलोच्या १८५/६० आर १५ टायरची भिंत १११ मिलिमीटर उंच असते. २०५/४५ आर १७ घातला तर ती ९२ वर येते. टायरचा एकूण व्यास दोन टक्क्यांच्या आसपासच बदलतो, म्हणून मीटर फारसा चुकत नाही, दिसतंही छान. मात्र खड्ड्याचा दणका झेलणारं रबर १९ मिलिमीटरनं कमी झालं. तो दणका आता रिम घेणार, मग बेअरिंग, मग तुमची कंबर. म्हणून माझं मत ठाम आहे. आपल्या रस्त्यांवर मूळ मापाच्या एकच इंच वर जा, तेही कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेलं माप असेल तरच. टायरवरचा भाराचा आकडा मूळपेक्षा कमी नको. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

दुकानदार मित्रांनो, रागावू नका. तुमच्यातले काही जण चोख काम करतात, बैठक बघतात, बोल्ट बदलून देतात, हे मला माहीत आहे. त्यांनी एक करावं. बिलावर नुसतं "अलॉय सेट, ४ नग" लिहू नका. पीसीडी, मधलं भोक, रुंदी, ऑफसेट, बोल्टचा प्रकार आणि आवळलेला टॉर्क लिहून खाली सही करा. ज्याचं काम खरं आहे त्याला सहीची भीती कसली? आणि जो सही करणार नाही, त्याच्याकडून रिम घेऊ नका.

एमएच २६ आणि एमएच २४ या दोन्ही आरटीओ कार्यालयांना मी याच मागणीचं निवेदन देणार आहे. चौकात पोरं अडवता तसं महिन्यातून एक दिवस रिमच्या दुकानात जा, भिंतीवरचा एक रिम उतरवून शिक्का बघा. निवेदनावर सह्या हव्यात. ज्यांच्या गाडीला बाहेरचे रिम आहेत त्यांनी बिलाचा फोटो, दुकानाचं नाव झाकून, खाली टाका. किती बिलांवर ऑफसेट लिहिलेला आहे ते मोजू आणि तोच कागद निवेदनाला जोडू.